दोघांपुरते बेट

वाऱ्याविषयी मला पुष्कळ माहिती आहे आणि ती मी न विचारता सांगतो, असे माझी पत्नी पेई-यिंग म्हणते. यातले पहिले विधान तपासून पाहता येण्यासारखे आहे. वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रांची अचूकता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी नोकरी करतो. बंद बोगद्यात पंख्याने वारा निर्माण करायचा, त्यात यंत्र टांगायचे आणि ते किती खोटे बोलते ते पाहायचे, हा माझा व्यवसाय. दुसऱ्या विधानाबाबत मत देण्यास मी अर्थातच अपात्र आहे. मात्र त्या संध्याकाळी घंटागाडीची वाट पाहताना मी जे बोललो ते मला विचारण्यात आले होते, एवढे येथे नमूद करणे भाग आहे.

आमच्या सिंचू शहरात घंटागाडी गाणे वाजवत येते आणि ती येण्याआधी सगळी गल्ली हातात पिशव्या धरून कोपऱ्यावर जमते. कोणाच्या घरी काय चालले आहे हे जाणून घ्यायला वस्तीत कोणाला वर्तमानपत्र लागत नाही, पिशव्या पुरतात. माझ्या काखेत त्या दिवशी पुठ्ठ्याचे एक खोके होते आणि त्याच्यावर समुद्राच्या वर, हवेत, पतंगाला लोंबकळणाऱ्या एका माणसाचे रंगीत चित्र होते. ते चित्र आत वळवून धरण्याचे मला सुचले नाही. पुढच्या सर्व घटना या एका निष्काळजीपणातून उद्भवल्या.

शेजारच्या वेंग मावशींनी चष्मा कपाळावर सरकवला. "हे काय रे आ-छी? उडी मारणारेस की काय कुठून?"

मी सांगितले की हे कमरेला बांधायच्या पट्ट्याचे खोके आहे; या खेळाला काईटसर्फिंग म्हणतात; पायाखाली फळी आणि डोक्यावर मोठा पतंग घेऊन माणूस पाण्यावर धावतो. डिसेंबरात पेंगहू द्वीपसमूहाच्या दक्षिणेकडच्या वूत्सो बेटावर जाऊन तो शिकायचा माझा विचार आहे.

"कोण कोण जाताय?"

"दोघंच."

मावशींनी खरकट्याची बादली खाली ठेवली.

"दोघंच?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "भांडण झालंय का तुमचं?"

येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली. या काळात आम्ही बऱ्याच ठिकाणी गेलो, पण प्रत्येक वेळी बसमधून आणि प्रत्येक वेळी पुढे झेंडा धरलेल्या माणसामागून. प्रयोगशाळेची वार्षिक सहल, तिच्या शाळेची सहल, सासुरवाडीची सहल. मधुचंद्रालाही तिच्या तीन मावश्या होत्या, कारण हॉटेलात मोठी खोली स्वस्त पडत होती. गेल्या वर्षी लग्नाच्या वाढदिवशी, शहर बसची वाट पाहताना, पेई-यिंग म्हणाली होती, "एकदा कुठेतरी आपण दोघंच जाऊ या." मग बस आली आणि विषय तिथेच राहिला. तिने तो पुन्हा काढला नाही. ती कोणतीच गोष्ट दोनदा मागत नाही. न मिळालेल्या गोष्टी ती नुसती मागणे बंद करते, आणि ही यादी अलीकडे वाढत चालल्याचे माझ्या लक्षात आले होते. म्हणून मला हे जमवायचेच होते. पतंग ही माझी भर. नुसते बसून राहण्यासाठी माणसाने समुद्र ओलांडावा हे माझ्या बुद्धीला पटत नव्हते. शिवाय इतकी वर्षे वारा मोजून तो अंगावर कधी घेतला नाही, याची मला व्यावसायिक लाजही वाटत होती.

"डिसेंबरात तिथे गारठा नसतो का?" एवढेच पेई-यिंगने विचारले होते. मी तिला नकाशा दाखवला. कर्कवृत्त वूत्सोच्या उत्तरेकडून जाते. बेट त्याच्या काही किलोमीटर दक्षिणेला आहे. सबब ते उष्णकटिबंधात मोडते. तिने नकाशा पाहिला, मला पाहिले आणि बॅगेत लोकरीचे तीन स्वेटर ठेवले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोन पाहिला तर वस्तीच्या गटावर 'जिएन डॉक्टरांची बेटावरची सहल' (डॉक्टर म्हणजे मी, पदवीपुरता) या मथळ्याखाली संदेशांची रांग लागली होती. आमच्याकडे चादरी घ्यायच्या असोत, अननस घ्यायचे असोत की दाताचा डॉक्टर गाठायचा असो, कोणीतरी गट जमवतो. बाकीचे खाली 'अधिक एक' असे लिहितात आणि व्यवहार पक्का होतो. वेंग मावशींनी आमच्यावर दया येऊन गट जमवला होता. त्यांच्या खाली अधिक एक, अधिक दोन, अधिक चार (पैकी एक चाकांच्या खुर्चीवर) अशी बेरीज चालली होती. मी घाईने लिहिले की ही सहल खासगी आहे. त्याच्याखाली कोणीतरी अंगठा दाखवला आणि लिहिले, अधिक एक. या पद्धतीत वजाबाकीची सोय नाही.

संध्याकाळी आमचे वस्तीप्रमुख याओ घरी आले. ते वस्तीप्रमुख आहेत, वस्तीतल्या भूमिदेवाच्या देवळाच्या समितीचे अध्यक्ष आहेत, आणि कोणी न नेमता सर्वांचे मोठे भाऊ आहेत. त्यांनी बस ठरवली होती. हिवाळ्यात पेंगहूला चिटपाखरू जात नसल्यामुळे खोल्या निम्म्या दरात मिळत होत्या. वारा एवढा असतो की चालता येत नाही, असे मी निदर्शनास आणले. याओ म्हणाले, म्हणूनच तर निम्मा दर. आमची दोघांची खोली त्यांनी सर्वांच्या मध्यभागी धरली होती, म्हणजे आम्हाला एकटे वाटणार नाही.

पेई-यिंगने त्यांना चहा दिला. कप मात्र तिने जरा जोरात ठेवला.

आता प्रश्न देवाचा निघाला. वस्तीतली अडतीस माणसे समुद्रावर जाणार आणि भूमिदेवाला विचारायचे नाही, ही कल्पना याओंना सहन होईना. रविवारी आम्ही सगळे देवळात जमलो. कौल लावायची आमची पद्धत अशी: अर्धचंद्राच्या आकाराचे लाकडाचे दोन तुकडे जमिनीवर टाकायचे, त्यांची एक बाजू सपाट असते, दुसरी फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर वर आला तर देवाचा होकार. दोन्ही फुगीर, नकार. दोन्ही सपाट, तर देवाला प्रश्नाचे हसू आले. सलग तीन होकार मिळाले की निर्णय अंतिम.

मी गप्प राहिलो असतो तर बरे झाले असते. परंतु मला विचारण्यात आले होते. निदान याओंनी माझ्याकडे पाहिले होते. मी सांगितले की हे तुकडे हाताने कोरलेले आहेत, दोन्ही बाजू सम नाहीत, त्यामुळे त्यांच्या उत्तरांवर कोणताही निष्कर्ष बांधता येणार नाही. आणि ते सम आहेत असे धरले तरी सलग तीन होकारांची शक्यता आठात एक, म्हणजे निव्वळ योगायोगाने आठवड्यातून एखाद्या वेळी सहज घडणारी गोष्ट. सर्वांनी आदराने ऐकले. मग याओंनी तुकडे माझ्या हातात दिले.

"डॉक्टर, तुमचा विश्वास नाही ना? मग तुम्हीच टाका. तुमच्यावर लबाडीचा संशय येणार नाही. देवाला स्वतःला यायचंय का, विचारा."

मी विचारले. होकार. पुन्हा होकार. तिसऱ्यांदा टाकताना मी मुद्दाम मनगट वेगळे वळवले. होकार. अशा रीतीने भूमिदेवाला माझ्या सहलीचे आमंत्रण माझ्याच हातून गेले.

भूमिदेव हा वस्तीपुरता देव. त्याचा अधिकार ओढ्यापासून पेट्रोलपंपापर्यंत. त्या हद्दीबाहेर जायचे तर शहराच्या मोठ्या देवाची परवानगी लागते, आणि तो नसताना वस्तीचा कारभार कोण पाहणार याची व्यवस्था लावावी लागते. याओ दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या देवळात गेले, कौल लावला, आणि दुपारच्या आत देवाची रजा मंजूर होऊन आली. बदली म्हणून पलीकडच्या वस्तीचा भूमिदेव नेमला गेला. माझ्या रजेचे काम इतके सोपे नव्हते. माझ्या जागी काम पाहणाऱ्याची संमती लागत होती. तो माणूस स्वतःच रजेवर होता. त्याच्या जागी काम पाहणारा माणूस मी होतो. या चक्रातून मला कोणी सोडवले ते मला आजही नीट कळलेले नाही.

विम्याचा अनुभव याहून बोधप्रद होता. फोनवरच्या बाईंनी विचारले, हा खेळ पाण्यातला की हवेतला. मी म्हणालो, मुख्यतः पाण्यातला.

"माणूस हवेत जातो का, सर?"

"जातो. पण परत येतो."

"मग ते उड्डाण झालं. त्याला वैमानिकाचा परवाना लागेल."

मी पतंग आणि विमान यांतला फरक सुमारे वीस मिनिटे समजावला. बाईंनी मनापासून ऐकले आणि शेवटी याओंनी काढलेल्या गटाच्या विम्यात मला घातले. त्यात माझी नोंद 'प्रवासी, ज्येष्ठ' अशी होती आणि गटाबाहेर पडताच तो विमा संपत होता.

प्रवासाचे वर्णन मी थोडक्यात करतो, कारण त्याचा बराचसा भाग मी डोळे मिटून काढला. बसमध्ये गाण्याचे यंत्र होते. ते बंदरापर्यंत थांबले नाही. बोटीवर खलाशाने सांगितले की जागा अडवणाऱ्या प्रत्येकाने तरंगजाकीट घातले पाहिजे. देवाने खिडकीजवळची जागा घेतली होती. चर्चा झाली आणि देवाला लहान मुलाचे नारिंगी जाकीट घालण्यात आले. ते त्याला इतके शोभले की नंतर कोणी काढलेच नाही. बोट सुटली आणि गाणारे सर्व लोक गप्प झाले. त्या दोन तासांत साऱ्या बोटीत ताठ बसलेला एकच, आणि तो लाकडाचा होता.

बेटावर उतरताच वाऱ्याने याओंची टोपी नेली. वेंग मावशींनी शाल डोक्यावरून घट्ट गुंडाळली आणि माझ्याकडे वळल्या. "हाच का रे तुझा उष्ण कटिबंध?" मी कर्कवृत्ताविषयी सांगू लागलो, पण शब्द तोंडातून निघताच दक्षिणेकडे जात होते. पेई-यिंगने तिसरा स्वेटर चढवला.

त्या दोन दिवसांत मी तिच्याशी एकटा किती बोललो याचा हिशोब सोपा आहे. रात्री आमच्या खोलीत गरम पाण्याचा नळ बरा होता, म्हणून तिथे रांग होती.

याओंनी छापलेल्या कार्यक्रमात दुसऱ्या दिवशी दुपारी 'जिएन डॉक्टरांचा पतंग (सर्वांनी पाहणे)' असा एक तास होता. त्यानंतर आंघोळी, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या बेटाकडे प्रयाण: तिथल्या देवळाला आपल्या देवाची भेट आणि शेंगदाण्याच्या चिक्कीची खरेदी. पाण्यात उतरण्याचा खरा धडा मी तिसऱ्या दिवसाचा ठरवला होता. तो कार्यक्रमातून गेला होता, कारण चिक्कीचे दुकान दुपारी बंद होते.

प्रशिक्षिका हान ही पस्तिशीची, नाकाची सालपटे निघालेली, कमी बोलणारी बाई होती. तिने वाळूवर लहान पतंग उलगडला, आडवा दांडा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "हा जितका घट्ट धराल तितका तो ओढेल. भीती वाटली की सोडून द्यायचं. बाकी काही नाही." यात काही चूक नव्हती, त्यामागचे सूत्र मला पाठ होते. पण मागे सदतीस खुर्च्या मांडल्या होत्या आणि याओंच्या हातात कर्णा होता.

पतंग वर गेला. जन्मात प्रथमच माझ्या वाऱ्याला बोगदा नव्हता. माझ्या दंडांतून, पाठीतून तो सरळ बोलत होता, आणि जो आकडा मी रोज पडद्यावर पाहतो तो आता माझ्या टाचा वाळूतून उपटत होता. क्षणभर मला फार बरे वाटले, हे मी लपवत नाही.

"सोडा," हान म्हणाली.

"धरून ठेवा, डॉक्टर," कर्ण्यातून याओ म्हणाले. "फोटो काढतोय."

"धर रे आ-छी," वेंग मावशी ओरडल्या. "एवढं शिकलेला माणूस, सोडतोस काय."

समूहाचा सल्ला मानायची सवय लहानपणापासून लागलेली. मी धरले. वारा ईशान्येचा होता आणि देवालाही पाहता यावे म्हणून मांडलेले त्याचे टेबल नैर्ऋत्येला. देवाला वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसवू नये अशी सूचना मी सकाळीच केली होती. ती, देवाचे तोंड समुद्राकडे असावे की टेकडीकडे, या चर्चेत हरवली. मी पोटावर, अंदाजे धावत्या सायकलच्या वेगाने, नैवेद्याच्या टेबलापर्यंत गेलो आणि ते घेऊन पुढेही गेलो. थांबलो तेव्हा माझ्याभोवती संत्री होती आणि शेजारी, नारिंगी जाकिटात, वाळूत तोंड खुपसून भूमिदेव पडले होते.

कोणी हसले नाही. हे फार वाईट लक्षण होते. याओंनी देवाला उचलले, दाढीतली वाळू झटकली आणि गुडघे टेकून कौल लावला: देवा, रागावलास का? दोन्ही तुकडे सपाट पडले. देव हसला. याओंनी खात्री करून घेतली. पुन्हा हसला. तिसऱ्यांदाही हसला. याची शक्यता चौसष्टात एक. मी हे मनात काढले, आणि तोंड वाळूने भरलेले असल्यामुळे मनातच ठेवले.

"बघा," वेंग मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "देवालासुद्धा आवरत नाहीये." मग मात्र सगळा किनारा हसला. हानसुद्धा.

मी उभा राहिलो. नाकाला खरचटले होते, गुडघा दुखत होता, आणि तरी मला तो वारा आणखी एकदा हवा होता. आणि त्याहून जास्त, दोन दिवसांत पेई-यिंगशी मला एकही वाक्य पूर्ण बोलता आले नव्हते, त्यासाठी मला जागा हवी होती. मी याओंना सांगितले की उद्या तुम्ही सगळे पुढे व्हा. आम्ही दोघे एक-दोन दिवस थांबून मागून येऊ.

याओ दुखावले. गट म्हणजे गट, असे त्यांचे म्हणणे. अडतीस आलो, अडतीस जाणार. मागे दोघांना सोडून गेलो तर वस्तीत तोंड काय दाखवू? विमाही गटाचा. बाकीच्यांनीही समजूत घातली. नाकाला मलम लावायला इथे कोण आहे? जेवायला कोणाबरोबर बसाल? वेंग मावशींचा प्रश्न सर्वांत प्रामाणिक होता. "पण दोघंच राहून करणार काय तुम्ही?"

इतक्यात पेई-यिंग खुर्चीवरून उठली. तिने वाळूतले कौलाचे तुकडे उचलले, स्वेटरला पुसले, देवासमोर बसली आणि डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी विचारले. आमच्याकडे प्रश्न मोठ्याने विचारायची सक्ती नाही. तुकडे पडले. होकार. तिने उचलले. होकार. वारा इतका होता की कर्ण्याचा पट्टा फडफडत होता. सगळे वाकून पाहत होते. होकार.

ती उठली, गुडघे झटकले आणि याओंकडे वळली.

"आम्ही दोघं राहणार."

याओंनी तोंड उघडले. देवाकडे पाहिले. तोंड मिटले.

माझी अवस्था चमत्कारिक होती. ज्या पद्धतीच्या विश्वासार्हतेवर मी भर देवळात आक्षेप घेतला होता, तिने आता माझ्या बाजूने निकाल दिला होता. बौद्धिक प्रामाणिकपणा असलेल्या माणसाने अशा वेळी तोच आक्षेप पुन्हा नोंदवायला हवा. मी खाली वाकून संत्री गोळा करू लागलो.

सकाळी जाग आली ती आवाजाने नव्हे, आवाज नसल्याने. खिडकीचे तावदान हलत नव्हते. धक्क्यावर समुद्र ताटात ओतलेल्या पेजेसारखा स्थिर होता. छत्तीस जण आणि देव आरामात बोटीत बसले. कोणाला मळमळले नाही. वेंग मावशींनी चहात उकडलेल्या अंड्यांची पिशवी पेई-यिंगच्या हातात कोंबली आणि मला बजावले, "भांडू नका रे." बोट वळली तेव्हा त्यांचे गाणे पुन्हा सुरू झाले होते आणि बराच वेळ स्वच्छ ऐकू येत राहिले, कारण ते उडवून न्यायला काहीच नव्हते.

हान किनाऱ्यावर खिशात हात घालून उभी होती. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी खांबाला चिकटून लोंबत होती. "आज नाही," ती म्हणाली, "उद्याचंही काही खरं नाही," आणि झोपायला गेली.

मला जे वाटले त्याला संताप म्हणणे सौम्य होईल. अंदाजात तीन दिवस जोरदार वारा होता. मी तो सहा ठिकाणी पडताळला होता. साऱ्या हंगामात या बेटावर वारा नसलेले दिवस बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांतला एक नेमका माझा. मी बंधाऱ्यावर बसलो. पेई-यिंग शेजारी बसली. तिने दोन स्वेटर काढून ठेवले होते, आणि ऊन खरोखरच उष्णकटिबंधातले होते.

"काल देवाला नेमकं काय विचारलंस?" मी म्हणालो.

"उद्या वारा पडेल का, एवढंच."

"आणि इथे राहायचं? ते विचारलं नाहीस?"

"ते देवाला कशाला विचारायचं?" ती अंडे सोलत म्हणाली. "ते माझं ठरलं होतं. मला तू फरफटत गेलेला पुन्हा बघायचा नव्हता, म्हणून वाऱ्याचं विचारलं."

मी तिला समजावून सांगितले. हिवाळी वारा लाटांनी येतो. उत्तरेकडच्या थंड हवेची एक लाट ओसरली की पुढची येईपर्यंत मध्ये खंड पडतो. असा खंड अंदाजापेक्षा अर्धा दिवस आधी येणे ही अगदी सामान्य त्रुटी आहे. आणि लाकडाच्या तुकड्यांचा जास्त दाबाच्या पट्ट्याशी कोणताही संबंध असू शकत नाही. हे सांगायला वेळ लागला, कारण मी आकृतीही काढली, बंधाऱ्यावर, अंड्याच्या टरफलाने.

तिने सगळे ऐकले. कोणी हाक मारली नाही. कोणी अधिक एक झाले नाही. बोलणे मध्ये कोठेही न तुटता शेवटापर्यंत पोहोचले, आणि हे पूर्वी कधी घडले नसल्यामुळे त्यानंतर काय बोलतात हे मला माहीत नव्हते. तिलाही त्याची काही घाई दिसली नाही.